केबिनचा हीटर गार पडला? आधी इंजिनाचे पाणी बघा!

केळीचा ट्रक असो, पिकअप असो की घरची डिझेल मोटार. गार हीटर आणि तापणारे इंजिन ही बहुतेक वेळा एकाच दुखण्याची दोन लक्षणे असतात. ती ओळखायची कशी, घाटात काय करायचे आणि गॅरेजमध्ये काय विचारायचे, समजून घेऊ या.

जानेवारीची रात्र. रावेर-सावद्याकडून केळी भरून निघालेला ट्रक पंजाब ओलांडून जम्मूच्या रस्त्याला लागलेला. बाहेर दाट धुके, काचेवर आतून बाष्प. ड्रायव्हर हीटरचा खटका टाकतो आणि जाळीतून येतो तो गार वारा. क्लीनर फडक्याने काच पुसत बसतो. ‘आपल्या खान्देशात हीटर लागतो कुणाला?’ असे म्हणत हे दुखणे वर्षभर कुणी बघितलेलेच नसते.

धुळ्यातही डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो. लळिंग घाटात सकाळी काच धुरकट झाली, की मोटारवाल्यालाही हीटरची आठवण येते. पण प्रश्न फक्त उबेचा नाही. हीटरला लागणारी उष्णता इंजिनाच्या पाण्यातूनच येते. त्यामुळे हीटर गार पडला, याचा अर्थ इंजिनाच्या पाण्याचे काहीतरी बिनसले आहे, असा असू शकतो. थंडीत गार हीटरकडे दुर्लक्ष करणाऱ्याचीच गाडी मे महिन्यात, भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, घाटात वाफ सोडत उभी राहण्याची शक्यता अधिक. हेड किंवा ब्लॉक गेला तर खर्च हजारांत थांबत नाही, आणि गाडीत केळी असतील तर मालही हातचा जातो.

पाणी फिरते कसे?

डिझेल जळाल्यावर तयार होणारी सगळी ऊर्जा चाकांपर्यंत जात नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा थोडा अधिक भाग गाडी ओढायला कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरवाटे आणि इंजिनाच्या पाण्यावाटे बाहेर जाते. वॉटर पंप हे पाणी, म्हणजे कूलंट, सिलिंडरभोवती फिरवतो. तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाते, पंख्याच्या आणि समोरच्या वाऱ्याने गार होते व परत इंजिनात येते.

या वाटेवर एक दरवान असतो, तो थर्मोस्टॅट. इंजिन थंड असते तोवर तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापते. बहुतेक इंजिनांत साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडू लागतो. कितव्या अंशाला उघडायचे, तो आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो.

याच गरम पाण्याची एक छोटी फांदी केबिनकडे येते. डॅशबोर्डमागे एक लहानसा रेडिएटर बसवलेला असतो. त्याला मिस्तरी ‘हीटर कॉइल’ म्हणतात. त्याच्यावरून ब्लोअरचा वारा गेला की केबिनमध्ये ऊब येते. म्हणजे हीटर हा मोठ्या रेडिएटरचा धाकटा भाऊच. मोठ्याचे पाणी कमी झाले, की सगळ्यात आधी धाकटा उपाशी राहतो. कारण अनेक गाड्यांत हीटरची कॉइल उंचावर असते आणि पाणी कमी झाले की हवा तिथेच जाऊन अडकते.

डिझेल गाडीचा हीटर उशिरा का तापतो?

ही तक्रार नेहमीची आहे आणि प्रत्येक वेळी तो बिघाड नसतो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी इंधनात तेवढेच काम करते, म्हणजे उष्णता कमी वाया घालवते. गाडी उभी ठेवून इंजिन नुसते आयडलवर चालू ठेवले, तर फारच थोडे डिझेल जळते आणि पाणी तापायला बराच वेळ लागतो. म्हणून थंडीत गाडी अर्धा तास जागेवर गुरगुरत ठेवण्यात डिझेल जाते, ऊब मिळत नाही. मिनिटभर चालू ठेवून हळू वेगाने निघालेले बरे. काही नव्या डिझेल मोटारींत याच कारणासाठी विजेवर चालणारा पूरक हीटरही दिलेला असतो.

मात्र दहा-पंधरा किलोमीटर चालूनही वारा कोमटच राहिला, तर तपासणी करायला हवी.

पहिली खूण : काटा कुठे आहे?

मिस्तरीकडे जाण्याआधी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बघा. गार हीटर आणि काटा यांची जोडी लावली, की निम्मे निदान तिथेच होते.

*हीटर गार, काटाही खाली :* इंजिनच पुरेसे तापत नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कुणीतरी तो काढून टाकला आहे.

*हीटर गार, काटा वर :* हा धोक्याचा इशारा. पाणी कमी झाले आहे, पाण्यात हवा अडकली आहे किंवा वॉटर पंप पाणी फिरवत नाही. गाडी पुढे दामटू नका.

*हीटर गार, काटा नेहमीच्या जागी :* इंजिन ठीक असण्याची शक्यता मोठी. दोष हीटरच्या फांदीत आहे. कॉइल तुंबली, पाण्याचा वॉल उघडत नाही किंवा गरम-गार हवेची झडप अडकली.

*हीटर कधी गरम, कधी गार :* चढावर, रेस दिल्यावर ऊब येते आणि आयडलला जाते? पाणी थोडे कमी आहे किंवा हवा धरली आहे. पंपाचे पाते झिजले असले तरी असे होते.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी पूर्ण उतरले आणि सेन्सर उघडा पडला, तर काटा वर जाण्याऐवजी अचानक खालीही येऊ शकतो. वर चाललेला काटा एकाएकी पडला आणि हीटरचा वाराही गार झाला, तर ‘बरे झाले, इंजिन गार पडले’ असे समजू नका. गाडी बाजूला घ्या.

दुसरी खूण : दोन होज, एक हात

बोनेट उघडा किंवा ट्रकची केबिन टिल्ट करा. केबिनकडे जाणारे दोन बारीक रबरी होज शोधा. इंजिन चांगले तापवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून मग इंजिन बंद करा. पंखा थांबल्यावर होजना फडक्यावरून हात लावा. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, त्यामुळे हात आणि मफलर त्याच्यापासून लांब ठेवा.

– दोन्ही होज गरम : पाणी कॉइलमधून फिरते आहे. दोष हवेच्या झडपेत, तिच्या केबलमध्ये किंवा ब्लोअरमध्ये.

– एक गरम, एक गार : कॉइल तुंबली आहे किंवा वॉल बंद आहे.

– दोन्ही गार : गरम पाणी तिथवर पोचतच नाही. पाण्याची पातळी, अडकलेली हवा, थर्मोस्टॅट आणि पंप या क्रमाने तपासा.

ही तपासणी फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते. ती केल्याशिवाय कुणी थेट डॅशबोर्ड उघडून कॉइल बदलायला सांगत असेल, तर आधी कारण विचारा. अनेक गाड्यांत कॉइलसाठी निम्मा डॅशबोर्ड खोलावा लागतो आणि मजुरीच भागापेक्षा जास्त होते.

‘थर्मोस्टॅट काढून टाक’ हा सल्ला महागात का पडतो?

खान्देशच्या उन्हाळ्यात गाडी तापू लागली, की एक सल्ला हमखास मिळतो : ‘थर्मोस्टॅट काढून टाक, पाणी मोकळे फिरेल.’ तात्पुरता आराम मिळाल्यासारखा वाटतो, म्हणून तो सल्ला टिकून आहे. पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

एक, थंडीत इंजिन योग्य तापमानाला येतच नाही. डिझेल नीट जळत नाही, ॲव्हरेज घटते, काजळी वाढते आणि सिलिंडर-रिंगची झीज जास्त होते. बीएस-६ गाड्यांत धूर गाळणाऱ्या फिल्टरची साफसफाईही इंजिन तापण्यावर अवलंबून असते. थंड इंजिनात ती अडते आणि डॅशबोर्डवर दिवे लागू लागतात.

दोन, हीटर मरतो. जम्मूच्या पुढे गेल्यावर त्याची किंमत कळते.

तीन, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या बाजूची बायपास वाट बंद करतो. तोच काढला, तर बायपास कायम उघडा राहतो आणि बरेचसे गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरते. म्हणजे गाडी गार राहण्याऐवजी चढावर आणखी तापते.

थर्मोस्टॅट बरा आहे की नाही, हे घरच्या गॅसवरही कळते. भांड्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीने असा टांगा की तो तळाला टेकणार नाही आणि पाणी तापवा. थर्मामीटर असेल तर उत्तम. त्याच्यावर लिहिलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. उकळत्या पाण्यातही उघडत नसेल किंवा गार पाण्यातही उघडाच असेल, तर बदला.

गाडीवरच अंदाज घ्यायचा असेल तर थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा होज बघा. तो काही मिनिटे गार राहून मग एकदम गरम झाला, तर थर्मोस्टॅट काम करतो आहे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर तो उघडा अडकला आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडे असतो, तेव्हा आपल्या गाडीची रचना आधी मिस्तरीला विचारा.

पाण्यात हवा अडकली तर?

होज बदलला, पंप बदलला किंवा पाणी काढून नवे भरले, की त्यानंतर बऱ्याचदा हीटर गार पडतो. ‘काम केल्यावरच बिघडले’ अशी तक्रार होते. कारण असते अडकलेली हवा. मिस्तरींच्या भाषेत, गाडीने एअर पकडली.

उपाय असा. इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचे तोंड किंचित चढाला राहील अशी उभी करा आणि हँडब्रेक लावून चाकांना ओट लावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे वॉल उघडा राहील. इंजिनावर किंवा होजवर हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करा. हळूहळू कूलंट भरा. स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो आवळा. मग इंजिन सुरू करा आणि तापू द्या. पातळी खाली गेली तर भर घाला. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर पातळी परत बघा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर ती थोडी उतरणे स्वाभाविक आहे.

हवा काढूनही आठवड्याभरात ती पुन्हा अडकत असेल, तर ती कुठून तरी आत येते आहे. तेव्हा पुढचा भाग नीट वाचा.

‘गाडी पानी खास’ : पण जाते कुठे?

अहिराणीत ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडी पानी खास.’ रोज बाटलीभर पाणी टाकावे लागते आणि खाली मात्र थेंब दिसत नाही. बंद यंत्रणेतले पाणी असे हवेत विरत नाही. त्याला जायला मोजक्याच वाटा आहेत.

*रेडिएटरचे झाकण :* सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात दुर्लक्षित. हे झाकण पाणी दाबाखाली ठेवते. साध्या हवेत पाणी १०० अंशांना उकळते. दाब सुमारे एक बारने वाढला की तेच १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, की पाणी लवकर उकळून ओव्हरफ्लोतून बाहेर जाते. गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला, तर झाकणाचा आत घेणारा वॉल अडकला आहे.

*होज आणि क्लिप :* बारीक गळती गरम इंजिनावर पडून वाळून जाते. पांढरा, हिरवा किंवा गुलाबी सुकलेला डाग शोधा. पहाटे, इंजिन थंड असताना गळती जास्त दिसते.

*वॉटर पंप :* पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असते. तिथून ओघळ येत असेल, तर आतले सील गेले आहे. भोक बुजवणे हा उपाय नव्हे.

*हीटर कॉइल :* क्लीनरच्या बाजूची चटई ओली, केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर आतून पुसूनही न जाणारा चिकट थर, ही कॉइल गळत असल्याची खूण.

*ईजीआर कूलर :* सायलेन्सरचा काही धूर गार करून परत इंजिनात सोडणारा हा भाग अनेक आधुनिक डिझेल इंजिनांत असतो. तो आतून फुटला तर पाणी धुरावाटे निघून जाते आणि खाली थेंबही पडत नाही.

*हेड गॅस्केट :* सगळ्यात महाग वाट. खुणा अशा : थंड इंजिन सुरू करताच काही क्षणांत वरचा होज दगडासारखा कडक होणे, टाकीत सतत बुडबुडे, गोडसर वासाचा पांढरा धूर, डिपस्टिकवर किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखे तेल. थंडीत छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली थोडा दुधाळ थर नुसत्या बाष्पानेही येतो, म्हणून एकाच खुणेवर हेड खोलू नका. अनेक गॅरेजमध्ये एक रसायन मिळते. टाकीतली हवा त्यातून ओढली आणि त्यात जळलेला वायू असेल तर रसायनाचा रंग बदलतो. सोबत दाबाची चाचणी करून घ्या. थंड यंत्रणेला पंपाने दाब देऊन काटा उतरतो का, ते बघतात. या दोन चाचण्यांचा खर्च हेड खोलण्याच्या मानाने किरकोळ आहे.

खान्देशचे खास शत्रू : कापूस, धूळ आणि जड पाणी

जळगाव-धुळ्याच्या गाड्यांना दोन गोष्टी जास्त छळतात.

पहिली, रेडिएटरची जाळी तुंबणे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या जाळीत कापसाचे तंतू बसतात. त्यावर धूळ, भुसा, किडे चिकटतात आणि नमदा तयार होतो. एसीची गाडी असेल तर एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. वरून जाळी स्वच्छ दिसते आणि घाण दोघांच्या मधल्या फटीत असते. आता हा प्रश्न ट्रकनाही जास्त भेडसावेल, कारण १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा आणि धार मंद ठेवा. जोराच्या धारेने पातळ पाती वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते.

दुसरी, बोअरचे जड पाणी. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत आणि हीटर कॉइलमध्येही धरतो. कॉइलच्या नळ्या बारीक, म्हणून ती आधी तुंबते. म्हणजे हीटरची ऊब दरवर्षी थोडी थोडी कमी होत असेल, तर मोठा रेडिएटरही त्याच वाटेवर आहे असे समजा.

ढाब्यावरच्या हातपंपाचे पाणी ही आणीबाणीची सोय आहे, सवय नव्हे. कंपनीने सांगितलेला कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी वापरा. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायने असतात. मोठ्या डिझेल इंजिनांत ओल्या लायनरच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे फुटून खड्डे पडतात आणि शेवटी लायनरला भोक पडते. तेही योग्य कूलंटमधली रसायनेच रोखतात. नुसते पाणी ते काम करत नाही. हिरवा, लाल, निळा अशा रंगावरून कूलंट ओळखू नका. रंग कंपनीगणिक बदलतो, डब्यावरचा प्रकार वाचा. दोन प्रकार एकत्र केले तर काही वेळा गाळ धरतो.

घाटात काटा चढला तर?

साक्रीकडून नवापूरला जाताना कोंडाईबारी, शिरपूरहून सेंधव्याला जाताना बिजासन, चाळीसगावहून वर चढताना कन्नडचा औट्रम घाट. उन्हाळ्याच्या दुपारी भरलेल्या गाडीचा काटा इथेच चढतो. तेव्हा हा क्रम ठेवा.

१. एसी बंद करा. वेग कमी करा. मोठ्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवू नका. खालचा गिअर टाकून मध्यम रेसवर चढा, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही नीट फिरतात.

२. खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. मे महिन्यात हे वेडेपणाचे वाटेल, पण धाकटा रेडिएटर थोडी उष्णता बाहेर काढतो आणि काटा खाली येऊ शकतो.

३. हीटरचा वारा कसा येतो ते बघा. चटका देणारा आला, तर पाणी आहे. सुरक्षित जागा मिळेपर्यंत हळू जाता येईल. काटा वर आणि हीटरचा वारा गार, तर पाणी गेले आहे. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

४. काटा वर आहे पण पाणी शाबूत आहे, वाफ नाही, गळती नाही, तर थांबल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन आयडलवर चालू द्या. एकदम बंद केले की पाणी जागेवर थांबते आणि उकळते. काटा तरीही चढत राहिला, तर बंद करा.

५. रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी १०० अंशांच्या वर असूनही दाबामुळे उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि उकळती वाफ थेट तोंडावर येते. हात, मान आणि डोळे भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. होज दाबल्यावर मऊ लागला, की जाड फडके ठेवून झाकण आधी थोडेच फिरवा, फुसकारा जाऊ द्या आणि मग उघडा.

६. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर ते सुरू करून हळूहळू पाणी घाला.

पंख्याकडेही लक्ष द्या. ट्रक-पिकअपमध्ये बहुधा व्हिस्कस पंखा असतो. इंजिन तापल्यावर त्याचा घोंघाट वाढला पाहिजे. गरम इंजिन बंद असताना पाते हाताने सहज, भिंगरीसारखे फिरत राहिले, तर त्याची पकड गेली आहे. गाडी महामार्गावर ठीक आणि घाटात वा वाहतूक कोंडीत तापते, तेव्हा संशय आधी पंख्यावर घ्या. उलट, सपाट रस्त्यावर वेगात तापत असेल, तर रेडिएटर तुंबला असण्याची शक्यता अधिक.

उत्तरेकडे निघताय?

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही केळी दिल्ली, पंजाब, जम्मू-काश्मीरच्या बाजारात जातात आणि ऐन थंडीतही गाड्या जातच असतात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ‘चिल्ला-ए-कलां’चे ४० दिवस सुरू होतात. श्रीनगरचा पारा रात्री शून्याच्या बराच खाली जातो.

रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर ते गोठते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. रेडिएटरच्या नळ्या फाटतात, ब्लॉकला तडा जातो. दिवसभर न तापलेली गाडी रात्रीत कायमची निकामी होते. अर्धे पाणी आणि अर्धा ग्लायकॉल असे मिश्रण असेल तर ते साधारण उणे ३५ अंशांपर्यंत टिकते आणि उन्हाळ्यात उकळायलाही जास्त तापमान लागते. म्हणजे तोच कूलंट श्रीनगरलाही चालतो आणि भुसावळलाही. प्रमाण तपासणारे छोटे उपकरण गॅरेजमध्ये असते, निघण्याआधी मोजून घ्या. मिश्रण तयार असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका. जास्त कूलंट म्हणजे जास्त संरक्षण, हेही खरे नाही. निव्वळ ग्लायकॉल उष्णता कमी वाहतो आणि तुलनेने लवकर गोठतो.

दोन गोष्टी आणखी. डीईएफ, म्हणजे ज्याला बाजारात युरिया म्हणतात, तो उणे ११ अंशांना गोठतो. अनेक बीएस-६ ट्रकांत त्याची टाकी इंजिनाच्या गरम पाण्यानेच वितळवली जाते, तेव्हा पाण्याची यंत्रणा तिथेही कामाला येते. आणि कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमध्ये मेणासारखा थर धरून फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले, ते याचसाठी. थंड प्रदेशात शिरताना टाकीत खान्देशचे डिझेल काठोकाठ ठेवण्यापेक्षा तिथलेच डिझेल भरा.

शेगडी केबिनमध्ये नको

हीटर गार आहे म्हणून बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवून झोपणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. कोळसा जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून झोपणेही धोक्याचे आहे, विशेषतः सायलेन्सरला गळती असेल किंवा बाहेर बर्फाने त्याचे तोंड बुजले असेल तर. रजई, कानटोपी, कोरडे मोजे घ्या. जमेल तिथे ढाब्यावरच्या खाटेवर झोपा. दुरुस्त हीटरची किंमत अशा वेळी मोजायची असते.

निघण्याआधी पाच मिनिटे

– थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघा. खुणेच्या खाली असेल तर भर घाला आणि किती घातले ते डायरीत लिहा. महिन्यात दोनदा भर पडली, तर गळती शोधा.

– सगळे होज दाबून बघा. फुगलेला, भेगाळलेला किंवा लिबलिबीत होज बदला.

– बेल्ट तपासा. चकाकी आली असेल, भेगा असतील किंवा सैल असेल तर थांबू नका.

– जाळी समोरून आणि मागून बघा. कापूस, भुसा, पिशवीचा तुकडा काढा.

– वर्षातून दोनदा, मे महिन्यातही, पाच मिनिटे हीटर लावून बघा. वॉल आणि झडप मोकळी राहते आणि पाण्याची तब्येतही कळते.

– गाडीत पाच लिटर तयार कूलंट, एक होज, दोन क्लिप आणि एक जास्तीचे झाकण ठेवा.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘हीटर चालत नाही’ एवढेच सांगू नका. काटा कुठे होता, कोणता होज गार होता, चढावर काय झाले आणि महिन्यात किती पाणी टाकले, हे सांगा. या चार उत्तरांवर चांगला मिस्तरी थेट दुखण्यापाशी पोचतो, आणि तुमचे विनाकारण बदललेल्या भागांचे पैसे वाचतात.